एकसष्टावा दिवस

आजचा भाग थोडा घरचा आहे. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना जिथं अडखळलो तिथं वाक्यं सरळ केलीत, आणि राहून गेलेल्या दोनचार तारखा घातल्यात. बाकी सगळं तेच.

मी कारंजा घाडगेचा. वर्धा जिल्ह्यातलं कारंजा, वाशिमकडचं कारंजा लाड नाही. हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. नागपूरहून अमरावतीला जाताना कोंढाळी गेली की तळेगावच्या आधी आमचं गाव लागतं. आमची संत्र्याची छोटी बाग आहे. बाबा गेल्यापासून ती आईच बघते. मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, ताई लग्नानंतर कॅनडात. ताईला दिवस गेले तेव्हा ठरलं, की बाळंतपणाला आई जाणार. नागपूरच्या एका एजंटकडून व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरला आणि आम्ही वाट बघत बसलो.

अर्ज नाकारला गेला. वाईट वाटलं, पण व्हिसा नाकारला जातो, त्यात नवल नाही. खरी गोष्ट पुढे आहे. नकाराचं पत्र एजंटच्या खात्यात येऊन पडलं होतं आणि आम्हाला ते कळलं 71व्या दिवशी, तेही मी फोन करून विचारलं म्हणून. पत्रात लिहिलं होतं की भेटीची मुदत संपल्यावर अर्जदार परत जाईल याची अधिकाऱ्याला खात्री वाटत नाही. मी आईला मराठीत समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मी तिथं राहाले चालली काय? अन् आंबिया बहाराची संत्री कोण तोडन इथं?"

मग शोधाशोध केल्यावर कळलं की कॅनडाबाहेर झालेल्या अशा निर्णयाविरुद्ध तिथल्या फेडरल कोर्टात जाता येतं, पण 60 दिवसांच्या आत. आम्ही 71व्या दिवशी जागे झालो होतो. म्हणजे आता दोन परवानग्या मागायच्या. एक, आमचं म्हणणं ऐका ही परवानगी, कारण तिथं थेट सुनावणी मिळत नाही, आधी कोर्टाची अनुमती लागते. आणि दुसरी, आम्ही उशिरा आलोय तरी आत घ्या ही.

तो अर्ज तयार करताना मी जे वाचत गेलो, त्याचा हा भाग आहे. मला वाटलं होतं की मुदत म्हणजे सरकारनं सामान्य माणसाला अडवण्यासाठी काढलेली युक्ती. वाचून झाल्यावर मत बरंच बदललं. मुदत चुकायला आधी मुदत असावी लागते, आणि मुदत असायला अपील असावं लागतं. हे अपील फार जुनं नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाला ते मिळालं नव्हतं. तिथूनच सुरू करू.

ज्यांना मुदतच नव्हती

पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा. शाळेत आम्हाला या माणसाबद्दल एक ओळसुद्धा नव्हती, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा तरुण देश सोडून निघाला. जपान, मग अमेरिका. तिथं शेतीशास्त्र शिकला आणि 1913च्या सुमारास गदर चळवळ उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या फळीत होता. पहिल्या महायुद्धात इराणच्या भागात इंग्रजांविरुद्ध लढला. पुढे 1920च्या दशकात मेक्सिकोत पोहोचला आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला. मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवल्या. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र काढलंय. त्यात मेजाभोवती माणसं बसलीत आणि एक जण भाकरी मोडून वाटतोय. तो वाटणारा माणूस म्हणजे आपले वर्ध्याचे खानखोजे.

अशा माणसाला घरी यायचं होतं. ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे भारतात येण्यासाठीचा त्यांचा व्हिसाचा अर्ज नाकारला गेला. ही बंदी नंतर उठली, स्वातंत्र्यानंतर ते सहकुटुंब परत आले, नागपुरात राहिले आणि 22 जानेवारी 1967 रोजी वारले.

आता प्रश्न असा की व्हिसा नाकारल्यावर खानखोजेंनी किती दिवसांत अपील करायला हवं होतं? उत्तर आहे, असा प्रश्नच नव्हता. भारतात येण्यासाठी पासपोर्ट लागेल असं सांगणारा कायदा 1920चा. अगदी छोटा, मोजक्या कलमांचा. सरकारला नियम करण्याचा अधिकार, पोलिसांना अटकेचा अधिकार, आणि बाहेर काढण्याचा अधिकार. अपील नावाचं कलम त्यात नाही. आणि गंमत बघा, हा कायदा स्वातंत्र्यानंतरही राहिला, तो रद्द झाला थेट 2025च्या नव्या इमिग्रेशन कायद्यानं.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर टाइमआउट व्हायला समोर सर्व्हर तरी लागतो. इथं पत्ताच अस्तित्वात नव्हता. विनंती करा, ओळख लावा, वाट बघा, एवढंच हातात होतं.

आणि हे फक्त क्रांतिकारकांचं होतं असंही नाही. मुंबईत फोर्टमध्ये हॉर्निमन सर्कल आहे, तुम्ही बघितलं असेल. बी. जी. हॉर्निमन हे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे इंग्रज संपादक. एप्रिल 1919 मध्ये सरकारनं त्यांना उचलून इंग्लंडला पाठवलं, कारण ते सरकारविरुद्ध लिहीत होते. परत यायला पासपोर्ट मागितला तर तो नाकारला जात राहिला. माणूस इंग्रज, नागरिक ब्रिटिश साम्राज्याचा, आणि तरी ज्याच्यापुढे उभं राहून 'का?' असं विचारावं असं कोर्ट त्याच्यासाठी नव्हतं. शेवटी कायद्यातली फट शोधून ते जानेवारी 1926 मध्ये भारतात परतले. जवळजवळ 7 वर्षांनी.

1967

खानखोजे जानेवारी 1967 मध्ये गेले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, 10 एप्रिल 1967 रोजी, सर्वोच्च न्यायालयानं सतवंत सिंग सॉहनी खटल्याचा निकाल दिला. तोवर पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जी होती, त्यासाठी धड कायदाच नव्हता. सरन्यायाधीश सुब्बा राव आणि बहुमतानं, 3 विरुद्ध 2, सांगितलं की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय निव्वळ मर्जीनं ते अडवता येणार नाही.

सरकारला घाईघाईनं कायदा करावा लागला. जून 1967 मध्ये पासपोर्ट कायदा आला. त्याचं कलम 11 अपिलाचं आहे. पासपोर्ट नाकारला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि नियमांप्रमाणे मुदत 30 दिवसांची. त्याच कलमात पुढे लिहिलंय की मुदत संपल्यावर अपील घेतलं जाणार नाही, पण उशिराला पुरेसं कारण होतं असं अर्जदारानं पटवून दिलं तर घेता येईल. म्हणजे अधिकार, त्याची मुदत आणि मुदतीतली सूट, तिन्ही एकाच कलमात जन्माला आली.

या कलमात एक भोकही होतं. हुकूम खुद्द केंद्र सरकारनं काढला असेल तर अपील नाही. हे भोक किती मोठं आहे ते 10 वर्षांनी दिसलं. जुलै 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट जमा करायला सांगितला. कारण विचारलं तर उत्तर आलं की जनहितासाठी कारण देता येत नाही. हुकूम केंद्राचा, म्हणून अपील नाही, म्हणून त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 25 जानेवारी 1978 चा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी अजून पाठ करतात. 7 न्यायाधीशांच्या त्या खंडपीठात आपले पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. निकालाचं सार एवढंच की नुसती कार्यपद्धत असून भागत नाही, ती न्याय्य असावी लागते, आणि माणसाला त्याचं म्हणणं मांडायची संधी मिळावी लागते.

योगायोग म्हणा, पण तिकडे इंग्लंडमध्येही वर्ष 1967च होतं. 1962च्या कायद्यानं राष्ट्रकुल देशांतल्या लोकांना ब्रिटनमध्ये यायला निर्बंध घातले होते, पण नकाराविरुद्ध अपील नव्हतं. विमानतळावरचा अधिकारी नाही म्हणाला की विषय संपला. 1967 मध्ये विल्सन समितीनं अहवाल दिला की इतका मोठा निर्णय एका अधिकाऱ्याच्या हातात, त्यावर कोणाची नजर नसताना, राहू नये. त्यातून 1969चा इमिग्रेशन अपील कायदा आला.

मात्र मिळालेला अधिकार कायमचा राहतो असं समजू नका. आमच्या आईसारख्या, लेकीकडे जाऊ पाहणाऱ्या माणसांच्या बाबतीत ब्रिटननं काय केलं बघा. 1993 मध्ये व्हिजिटर व्हिसाचं अपील काढून टाकलं. 2000 मध्ये कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांसाठी परत दिलं. 25 जून 2013 पासून पुन्हा काढलं. 20 वर्षांत गेलं, आलं, गेलं. आता तिथं मुख्यतः मानवी हक्क आणि आश्रयाच्या प्रकरणांत अपील उरलंय. देशाबाहेरून करायचं तर 28 दिवस, देशात असाल तर 14, आणि उशीर झाला तर अर्जासोबतच उशिराचं कारण लिहायचं.

अमेरिकेत तर वकिलातीतल्या अधिकाऱ्यानं व्हिसा नाकारला की साधारणपणे कोर्ट त्यात पडतच नाही. 2024च्या मुन्योझ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अमेरिकन नागरिक बायकोलासुद्धा सांगितलं की नवऱ्याला देशात आणण्याचा घटनात्मक हक्क तुला नाही. म्हणजे तिथल्या नकाराचं पत्र हातात पडलं की मुदत मोजायची गरजच पडत नाही. फारतर नवा अर्ज करायचा.

म्हणून म्हणतो, 60 दिवस हा आकडा मला आधी शिक्षेसारखा वाटत होता. आता वाटतं की आईच्या नावावर 60 दिवस लिहिलेले होते हेच खूप होतं. ते आम्ही वाया घालवले, ही गोष्ट वेगळी.

उशीर आणि माफी

आता उशिराकडे. आपल्याकडे कोर्टात याला म्हणतात विलंब माफीचा अर्ज. तालुक्याच्या कोर्टात कधी गेला असाल तर हा शब्द कानावर पडला असेल. शेताच्या धुऱ्याच्या भांडणापासून भूसंपादनाच्या मोबदल्यापर्यंत, निम्म्या लोकांना तो कधी ना कधी करावा लागतो. मुदतीचा कायदा आपल्याकडे इंग्रजांनी आणला, 1859 मध्ये. मग तो बदलत बदलत 1877, 1908 आणि शेवटी 1963चा झाला. त्याचं कलम 5 म्हणतं की पुरेसं कारण असेल तर मुदतीनंतरही अपील घेता येईल.

पुरेसं म्हणजे किती? यावर एक निकाल आहे 1961चा, रामलाल विरुद्ध रेवा कोलफिल्ड्स. लिहिलाय न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. साताऱ्यात वाढलेले, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. गोष्ट साधी होती. अपील करायचा शेवटचा दिवस आला आणि त्याच दिवशी माणूस आजारी पडला. अपील एक दिवस उशिरा दाखल झालं. सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं. खालच्या कोर्टानं विचारलं, शेवटच्या दिवशी आजारी होतास हे मान्य, पण त्याआधी इतके दिवस काय करत होतास? आणि अर्ज फेटाळला.

गजेंद्रगडकरांनी हे चूक ठरवलं. कायद्यानं जितके दिवस दिलेत ते सगळे त्या माणसाचे आहेत. शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचा त्याला हक्क आहे, त्याबद्दल त्यानं कोणाला हिशेब द्यायचा नाही. हिशेब द्यायचाय तो मुदत संपल्यापासून प्रत्यक्ष दाखल करेपर्यंतच्या काळाचा. पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी लोक विसरतात. कारण पुरेसं असलं तरी माफी हक्कानं मिळत नाही. ती द्यायची की नाही हे कोर्टानं ठरवायचं, आणि ठरवताना माणूस प्रामाणिक होता का, हातपाय हलवत होता का, हे बघायचं.

पुढे या निकालाचा कोर्टांनी अगदी काटेकोर वापर सुरू केला. प्रत्येक दिवसाचा हिशेब द्या, असं. तेव्हा 1987 मध्ये कातिजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं थोडं मऊ केलं. तो भूसंपादनाच्या मोबदल्याचा वाद होता, अनंतनागचा, आणि उशीर होता 4 दिवसांचा. उशीर केलेला पक्ष होता खुद्द सरकार. कोर्टाचं म्हणणं असं की मुद्दाम उशीर करून सामान्य माणसाला काही फायदा होत नसतो. दार लावून घेतलं तर खरी बाजूसुद्धा उंबरठ्यावरच मरते. आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब मागायचा तर प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का नको? म्हणून थोडी व्यवहारी अक्कल वापरा.

इथं मला जरा हसू आलं. ज्यांची जमीन गेली त्यांच्याविरुद्ध सरकारच चार दिवस उशिरा आलं, आणि त्या निमित्तानं आलेल्या तत्त्वाचा फायदा आता सगळ्यांना मिळतो. चालायचंच.

कॅनडातही भाषा वेगळी असली तरी विचार तोच आहे. तिथल्या इमिग्रेशन कायद्यात लिहिलंय की खास कारण असेल तर न्यायाधीश मुदत वाढवून देऊ शकतात. आणि कोर्ट काय तपासतं ते 1999च्या हेनेली नावाच्या निकालात चार मुद्द्यांत आहे. दाद मागायची इच्छा पहिल्यापासून सतत होती का? मूळ प्रकरणात काही दम आहे का? उशिरामुळे समोरच्या पक्षाचं नुकसान होतंय का? आणि उशिराचं पटण्यासारखं कारण आहे का? एवढं करून कोर्ट व्हिसा देत नाही बरं का. जिंकलात तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्यानं विचार करायला जाते. आणि अनुमतीच नाकारली, तर त्या नकारावर अपील नाही.

आमचे 24 दिवस

आम्ही अर्ज दाखल केला 84व्या दिवशी. म्हणजे 24 दिवस उशीर. वकील बाईंनी पहिल्याच कॉलवर सांगितलं, एकेका दिवसाचं लिहून द्या. मी इंजिनियर माणूस, लगेच एक्सेल शीट काढली. कॉल लॉग, ईमेल, व्हॉट्सॲप, सगळं समोर ठेवलं.

61 ते 71, हे 11 दिवस एजंटचे. आम्हाला माहीतच नव्हतं. पण वकील बाई म्हणाल्या, एजंट तुमचा अधिकृत प्रतिनिधी होता, त्याला कळलं म्हणजे तुम्हाला कळलं असं कोर्ट धरू शकतं. तरी लिहा. मग 2 दिवस एजंटशी भांडून पत्राची प्रत मिळवण्यात गेले. 5 दिवस वकील शोधण्यात, भारतातून कोणाला विचारावं हेच कळत नव्हतं. झाले 18.

उरले 6. या 6 दिवसांत मी काय केलं? काही नाही. ऑफिसमध्ये रिलीज होतं. रोज रात्री घरी यायचो, फाइल उघडायचो, आणि उद्या बघू म्हणून बंद करायचो. खरं सांगायचं तर रिलीज हे अर्धंच कारण होतं. मला लाज वाटत होती. अर्ज मीच एजंटकडे दिला होता, स्वतःचा ईमेल टाका म्हणून मीच सांगायला हवं होतं. ताईचा नववा लागला होता आणि तिला मी सांगितलं होतं की सगळं मार्गी लागलंय. फाइल उघडली की ते सगळं अंगावर यायचं.

शीटमधले ते 6 रकाने कोरे राहिले. सुट्टी काढून कारंजाला गेलो तेव्हा ओळखीतले एक काका म्हणाले, त्यात काय, टायफॉइडचं सर्टिफिकेट आणून देतो. आईला पंधरा दिवस बेड रेस्ट. तारीख पाहिजे ती टाकू. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आमच्याकडे शाळेच्या गैरहजेरीपासून नोकरीच्या रजेपर्यंत हेच चालतं. मला रामलाल आठवला. त्याचं सर्टिफिकेट सहा दशकांनंतरही मी वाचतोय. आणि मोह झाला, तो नाकारत नाही. सहा रकाने एका कागदानं भरले असते.

आई चूल पेटवत होती. तिनं ऐकलं. म्हणाली, "मले टायफॉइड कवा झाला? ते आधीच म्हनतेत का बाई वापस जाईन याचा भरोसा नाही. आता खोटं लिवून देऊ त्याइले? मंग भरोसा कोनत्या तोंडानं मागू?"

मला हे वकिलाच्या सल्ल्यापेक्षा जास्त पटलं. नकाराचं मूळ कारणच हे होतं की या बाईच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. त्या नकाराविरुद्धच्या अर्जात पहिलंच वाक्य खोटं कसं लिहायचं?

तेव्हा मी माझ्या शपथपत्रात लिहिलं की या 6 दिवसांत दिरंगाई माझी आहे, माझ्या आईची नाही. तिनं कळल्या दिवसापासून रोज विचारलं, 'काय झालं त्या कागदाचं?' त्या रोजच्या फोनचा लॉग जोडला. वकील बाई वाचून थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, हे धोक्याचं आहे, पण इच्छा सतत होती याला यापेक्षा चांगला पुरावा नाही. राहू द्या.

खानखोजेंच्या कन्येनं, सावित्री सॉहनी यांनी, त्यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलंय, 2008 साली आलं. त्याच्या नावाचा अर्थ आहे, 'मी कधीही माफी मागणार नाही'. त्या माणसाला तसं म्हणणं शोभतं. त्याच्यासमोर परकं सरकार होतं, आणि त्याची चूक काहीच नव्हती. आमच्या अर्जाच्या डोक्यावर मराठीत भाषांतर करायचं तर 'विलंब माफी' हेच शब्द येतील. मला आधी ते खटकले होते. पण आम्ही व्हिसासाठी माफी मागत नव्हतो. लेकीकडे जाऊ पाहणं हा गुन्हा नाही, त्याची माफी कशाला? माफी होती ती 24 दिवसांची. त्यातल्या 6 दिवसांची तर खरोखरच मागायला हवी होती.

शेवटी

हे रेकॉर्ड करतोय तेव्हा कोर्टाचं उत्तर आलेलं नाही. बाळंतपण आईशिवाय झालं, ताईच्या सासूबाई गेल्या होत्या. मुलगी झाली. आई रोज संध्याकाळी मोबाइल भिंतीला टेकवून ठेवते आणि तिकडे सकाळची अंघोळ कशी घालायची ते इथून सांगते. 'पाठीवर हात फिरव, पाठीवर,' असं ओरडते. नेटवर्क गेलं की मला फोन करते, जणू टॉवर मीच सांभाळतो.

बऱ्याच जणांनी विचारलं, नवा अर्जच का नाही केलास? बहुतेक वेळा तोच सल्ला बरोबर असतो, स्वस्त पडतो आणि लवकर होतो, हे मान्य. तोही करणार आहोत. पण नकाराची नोंद राहते. पुढे बऱ्याच देशांच्या फॉर्मवर प्रश्न असतो, याआधी कधी व्हिसा नाकारलाय का? तिथं आईला आयुष्यभर 'हो' लिहावं लागणार. त्या 'हो'च्या मागे निदान एवढं तरी असावं की आम्ही विचारलं होतं, का?

तुमच्या घरात असं पत्र पडलं असेल तर तीनच गोष्टी सांगतो. पत्रावरची तारीख आणि तुम्हाला कळल्याची तारीख, दोन्ही आजच लिहून ठेवा. कोणत्याही अर्जावर ईमेल आणि फोन एजंटचा नाही, स्वतःचा टाका. आणि मुदत गेली असेल तरी लगेच त्या देशाच्या जाणकार वकिलाला विचारा, कारण एकसष्टाव्या दिवसापासूनचा प्रत्येक दिवस तुम्हाला लिहून द्यायचाय. तो कोरा ठेवू नका. माझे सहा कोरे राहिले.

उत्तर आलं की पुढच्या एखाद्या भागात सांगीन, काहीही आलं तरी. तोवर नमस्कार.